मागास भागात कारखाना उभा करायचा, तर व्याज कमी हवं की मुदत लांब?

खतावणी:
विकास वित्ताचा, म्हणजे उद्योग उभे राहावेत म्हणून दिल्या जाणाऱ्या लांब मुदतीच्या कर्जांचा, विषय निघाला की बोलणं लगेच व्याजदरावर येतं. अमुक योजनेत इतके टक्के सवलत, तमुक संस्थेचं कर्ज इतकं स्वस्त. मी मुदत कर्जांचे (शेड, यंत्रं यांसाठी घेऊन काही वर्षांत फेडायच्या कर्जांचे) प्रस्ताव तपासण्यात बरीच वर्षं घालवली. त्यातून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते मांडावं म्हणून हा धागा. नव्या भागात उभा राहिलेला उद्योग व्याजाने क्वचितच बुडतो. तो बुडतो तो परतफेड फार लवकर सुरू झाल्यामुळे.

गणित करून बघू. कर्ज १०० धरा. मुद्दल पाच वर्षांत सारख्या हप्त्यांनी फेडायचं, व्याज १२ टक्के. पहिल्या वर्षी मुद्दलाचे २० आणि व्याजाचे १२, म्हणजे ३२ बाहेर जाणार. सरकारने सवलत देऊन व्याज ८ टक्क्यांवर आणलं तर २८. आता व्याज १२ च राहू द्या, पण मुदत दहा वर्षांची करा: १० अधिक १२, म्हणजे २२. व्याज चढवून १४ केलं तरी २४. आणि पहिली दोन वर्षं मुद्दल मागायचं नाही असं ठरलं, म्हणजे मोरेटोरियम दिला, तर त्या वर्षांत फक्त १२.

ज्यांनी कारखाना सुरू होताना पाहिला आहे त्यांना ३२ आणि १२ मधला फरक सांगायला नको. यंत्र येऊन पडतं, वीजजोडणी रखडते. कामगार हात बसेपर्यंत माल बिघडवतात. पहिली खेप नापास होऊन परत येते. पहिलं मोठं गिऱ्हाईक पैसे तीन महिन्यांनी देतं. जुन्या औद्योगिक पट्ट्यात हे दिवस लवकर सरतात, कारण फिटर, साचे करणारा, सुटे भाग विकणारा, सगळे हाकेच्या अंतरावर असतात. जिथे उद्योगच नाहीत तिथे एक बेअरिंग गेलं तरी यंत्र दोन-दोन दिवस बंद. म्हणजे ज्या भागाला उद्योगाची सर्वांत जास्त गरज, तिथेच सावकाश फेडीची गरजही सर्वांत जास्त. विकास वित्त संस्था जन्माला आल्या त्या यासाठी, आणि आपण मात्र त्यांना 'स्वस्त कर्जाची दुकानं' समजून बसलो आहोत.

तुमचे अनुभव आणि मतभेद दोन्ही वाचायला आवडतील.

पूर्वा_:
छान मांडलंय. माझा प्रश्न अगदी प्राथमिक आहे. दहा वर्षांचं कर्ज साधी बँक का देत नाही? गृहकर्ज तर वीस वर्षांचंही देतात.

सुकाणू:
पूर्वा, मी बँकेतला माणूस, म्हणून मीच उत्तर देतो. बँकेकडचा पैसा ठेवीदारांचा. बहुतेक ठेवी वर्ष-दोन वर्षांच्या, चालू आणि बचत खात्यातला पैसा तर कधीही काढता येणारा. तो दहा वर्षांसाठी गुंतवला की जोखीम बँकेच्या अंगावर येते. घराचं तसं नाही. पगारदार माणूस दर महिन्याला हप्ता भरतो, घर तारण असतं, आणि वेळ आली तर ते घर विकणं तुलनेने सोपं. अर्धवट उभा राहिलेला कारखाना, त्यातही आडबाजूला असलेला, कोणी घेत नाही. एखाद्या खास कामासाठी बनवलेल्या यंत्राला भंगाराचाच भाव मिळतो.

खतावणींच्या गणिताशी सहमत. फक्त बँकेला खलनायक ठरवू नये एवढीच विनंती. ठेवीदाराचा पैसा सांभाळणं हे आमचं पहिलं कर्तव्य आहे.

खतावणी:
सुकाणू, तुम्हाला खलनायक ठरवण्याचा विचारही नाही. तुम्ही जे सांगितलंत त्यातच मूळ प्रश्न आहे: लांब मुदतीचं कर्ज द्यायचं तर देणाऱ्याकडे येणारा पैसाही लांब मुदतीचा हवा. तो आणायचा कुठून? प्रत्येक देशाने याचं उत्तर वेगळं शोधलं.

मला सर्वांत आवडतं ते जर्मनीचं. युद्धानंतर १९४८ साली त्यांनी केएफडब्ल्यू ही संस्था काढली. मार्शल योजनेतून अमेरिकेचा माल यायचा. जर्मन आयातदार त्याची किंमत मार्कमध्ये भरायचे आणि ते मार्क एका वेगळ्या निधीत जमा व्हायचे. त्या निधीतून उद्योगांना कर्जं दिली गेली, फेडीचा पैसा पुन्हा कर्जात गेला, आणि तो निधी आजही फिरतो आहे. मदत म्हणून आलेला पैसा एकदाच वाटून संपवता आला असता. तसं केलं नाही म्हणून तो पिढ्यान्‌पिढ्या पुरला.

जागतिक बँकेचं पहिलं कर्जही आठवण्यासारखं आहे. १९४७ मध्ये २५ कोटी डॉलर फ्रान्सच्या क्रेदी नॅशनाल या संस्थेला मिळाले, आणि ही संस्थाच मुळी उद्योगांना लांब मुदतीची कर्जं देणारी. थोडक्यात, जागतिक बँकेची पहिली खेप दुसऱ्या एका विकास वित्त संस्थेच्या हातून गेली.

आपल्याकडेही उद्योगांना लांब मुदतीची कर्जं देणाऱ्या संस्था निघाल्या: १९४८ ला आयएफसीआय, १९५१ च्या कायद्याने राज्य वित्तीय महामंडळं, १९५५ ला आयसीआयसीआय, १९६४ ला आयडीबीआय. यांना रिझर्व्ह बँकेच्या दीर्घ मुदतीच्या निधीतून पैसा मिळे. शिवाय त्यांच्या सरकारी हमीच्या रोख्यांमधली बँकांची गुंतवणूक वैधानिक तरलतेत, म्हणजे बँकांना कायद्याने सुरक्षित रोख्यांत ठेवाव्याच लागणाऱ्या हिश्शात, धरली जाई. १९९१ नंतरच्या सुधारणांमध्ये ही वाट अरुंद होत गेली आणि बाजारातून बाजारभावाने पैसा उचलावा लागला. महाग आणि आखूड मुदतीच्या पैशावर लांब मुदतीची कर्जं किती दिवस देणार? २००२ मध्ये आयसीआयसीआय स्वतःच्याच बँकेत विलीन झाली, २००४ मध्ये आयडीबीआयही बँक झाली. मग ती जागा भरायला जावं लागलं साध्या बँकांना, सुकाणू म्हणतात त्या ठेवींच्या जोरावर. रस्ते, वीज, पोलाद यांतली त्यांची थकबाकी पुढे किती वाढली ते आपण पाहिलंच. २०२१ मध्ये पायाभूत क्षेत्रासाठी नॅबफिड ही नवी विकास वित्त संस्था काढावी लागली, म्हणजे फिरून आपण पुन्हा त्याच प्रश्नापाशी आलो.

यंत्रघर:
मी दुसऱ्या बाजूचा, कर्ज घेतलेला. सुट्या भागांचं यंत्रकाम करतो. खतावणींच्या धाग्यात एक गोष्ट राहिली आहे आणि तिच्यापायी माझी आठ महिने झोप उडाली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

मला मुदत कर्ज एका संस्थेकडून मिळालं. अधिकारी भला माणूस होता. प्रकल्प अहवाल नीट वाचला, शेडवर दोनदा आला, दीड वर्षाचा मोरेटोरियम दिला. शेड झाली, यंत्रं बसली, चाचणी झाली. आणि कच्चा माल घ्यायला पैसे नाहीत! खेळतं भांडवल ती संस्था देत नव्हती, त्यासाठी वेगळ्या बँकेत जायचं होतं. बँकेने विचारलं, तारण काय? जमीन, शेड, यंत्रं सगळं पहिल्या संस्थेकडे तारण. बँक म्हणाली, त्यांच्याकडून सामाईक हक्काचं पत्र आणा, म्हणजे त्याच तारणावर आमचाही हक्क त्यांना मान्य असल्याचं. संस्था म्हणाली, आधी बँकेचं मंजुरीपत्र आणा. या दोन कागदांच्या मध्ये आठ महिने गेले. मोरेटोरियम मात्र चालूच होता. सीसी लिमिट (खेळत्या भांडवलासाठी बँकेतून उचल घेण्याची मर्यादा) मिळाली तेव्हा हप्ता सुरू व्हायला जेमतेम तीन महिने राहिले होते. ठेवलेल्या पाच ऑपरेटरांपैकी तीन शहरात निघून गेले, त्यांना मी दोष देत नाही.

मुदत लांब हवीच. पण ते घड्याळ कर्जाच्या पहिल्या उचलीपासून चालू करायचं की उत्पादन सुरू झाल्यापासून, हेही ठरवा. माझ्यासारख्याला व्याजातल्या दोन टक्क्यांपेक्षा तो एक कागद वेळेत मिळाला असता तर जास्त उपयोग झाला असता.

खतावणी:
यंत्रघर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. तुम्ही सांगता ते मी टेबलाच्या या बाजूने वारंवार पाहिलं आहे आणि त्यात आमचीही चूक होती. मुदत कर्ज एकाकडे, खेळतं भांडवल दुसऱ्याकडे, ही विभागणी कागदावर नीटस दिसते, पण कारखाना तर एकच असतो. दोन्ही मंजुऱ्या एका बैठकीत झाल्याशिवाय पहिला पैसा सोडायचाच नाही, असा नियम मला पुढे फार उपयोगी वाटला. मोरेटोरियम उत्पादनाच्या तारखेला बांधायला हवा, हे मान्य.

सुकाणू:
जर्मन पद्धतीत ही अडचण बरीच कमी होते, त्याचं कारण सांगतो. उद्योजकांसाठी केएफडब्ल्यूच्या शाखाच नाहीत. अर्ज करायचा आपल्या नेहमीच्या बँकेत. ती बँक छाननी करते, केएफडब्ल्यू तिला लांब मुदतीचा पैसा देते, काही योजनांत जोखमीचा वाटाही उचलते. म्हणजे मुदत कर्ज आणि खेळतं भांडवल यांसाठी दार एकच. अमेरिकेतल्या नॉर्थ डकोटा राज्याची स्वतःची बँक १९१९ पासून आहे. तीही उद्योगांच्या कर्जात बहुतेक वेळा स्थानिक बँकेची भागीदार म्हणून उतरते, तिच्याशी स्पर्धा करत नाही. मला हा मार्ग रास्त वाटतो. गिऱ्हाईक कोण, कसा, हे गल्लीतल्या बँकेला माहीत असतं. लांब मुदतीचा पैसा फक्त मोठी संस्था आणू शकते.

कोरडवाहू:
सगळं वाचलं. दोन आक्षेप आहेत, मनापासूनचे.

एक, खतावणींनी गणित अर्धंच दाखवलं. १२ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडलं तर एकूण व्याज ३६. दहा वर्षांत फेडलं तर ६६. जवळजवळ दुप्पट! लांब मुदत फुकट मिळत नाही, तिची किंमत उद्योजक भरतो किंवा करदाता भरतो.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. धीराचा पैसा म्हणता म्हणता तो विसरलेला पैसा होतो. हप्ता आला नाही, मुदत वाढवा. पुन्हा आला नाही, पुनर्रचना करा. आपल्या कितीतरी राज्य वित्तीय महामंडळांची अवस्था याच वाटेने बिकट झाली. आजारी उद्योग म्हणून वर्षानुवर्षं जिवंत ठेवलेले कारखाने आणि तेवढा काळ अडकलेली जमीन, यंत्रं, माणसं, यांचा हिशेब कोण देणार? धीर धरायचा ते ठीक, पण कुठे थांबायचं हे कोण ठरवणार?

मृण्मयी:
कोरडवाहू यांच्या दुसऱ्या आक्षेपाला इटलीचं उदाहरण चपखल बसतं. माझ्या अभ्यासाचा विषय असल्यामुळे जरा लांबण लागेल.

दक्षिण इटली उत्तरेपेक्षा खूप गरीब होती. १९५० साली 'कासा पेर इल मेत्सोजोर्नो' नावाचा निधी उभारला गेला, मेत्सोजोर्नो म्हणजे दक्षिण भाग. पहिली काही वर्षं पैसा जमीन सुधारणा, रस्ते, पाणी यांत गेला आणि त्याचा लोकांना खराखुरा फायदा झाला. १९५७ मध्ये कायदा बदलला आणि भर उद्योगांवर आला. सरकारी कंपन्यांनी नव्या गुंतवणुकीपैकी ६० टक्के दक्षिणेत करावी असं बंधन आलं. तारांतोला प्रचंड पोलाद कारखाना झाला, इतरत्र पेट्रोरसायनांचे कारखाने आले. हजारो लोकांना काम मिळालं हे नाकारता येत नाही. पण भोवती सुट्या भागांचे, दुरुस्तीचे, पुढच्या प्रक्रियेचे छोटे उद्योग अपेक्षेइतके उगवले नाहीत. इटलीत अशा कारखान्यांना 'वाळवंटातली कॅथेड्रल' म्हणू लागले. एक भव्य वास्तू आणि चहूबाजूंना काहीच नाही. १९८४ मध्ये तो निधी गुंडाळला गेला. तारांतो शहर प्रदूषणाचे परिणाम अजून भोगतं आहे.

खतावणींच्या मुद्द्यात मला इथे भर घालायची आहे. भांडवल स्वस्त केलं की उद्योजक यंत्रं जास्त घेतो आणि माणसं कमी. व्याजात सवलत, यंत्रांवर अनुदान, हे सगळं यंत्रांच्या बाजूला झुकतं. मग रोजगारासाठी म्हणून दिलेल्या पैशातून सर्वांत कमी रोजगार देणारा कारखाना उभा राहतो.

पूर्वा_:
हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मग जाहिरातीत 'इतक्या कोटींच्या गुंतवणुकीतून इतके रोजगार' म्हणतात, त्यावर विश्वास ठेवायचा का?

खतावणी:
त्या आकड्यावर मी कधीच विसंबलो नाही. तो प्रस्तावातला आकडा असतो, उद्योजकाने अर्जात लिहिलेला. दोन गोष्टी त्यात दिसत नाहीत. शेजारचा जुना कारखाना याच्यामुळे बंद पडून गेलेली कामं, आणि याच्यामुळे वाहतूक, पॅकिंग, दुरुस्तीत निर्माण झालेली कामं. शिवाय हा उद्योजक आमच्या पैशाशिवायही आलाच असता का, हा प्रश्न राहतोच. येणारच होता, तर आम्ही निर्माण केलं काय? कर्जवाटपाचं लक्ष्य डोक्यावर असलं की हा प्रश्न कोणी विचारत नाही, कारण आपसूक येणारे प्रस्तावच सर्वांत सुरक्षित असतात.

कोरडवाहू, व्याजाची बेरीज तुम्ही बरोबर केली आणि ती मी आधीच द्यायला हवी होती. पण ६६ भरायला उद्योग सहाव्या वर्षी जिवंत असावा लागतो. पहिल्या वर्षी ३२ मागून त्याला मारला, तर ३६ मधलेही बरेच येत नाहीत. कारखाना स्थिरावल्यावर मुदतपूर्व फेडीची मुभा विनादंड दिली, तर दहा वर्षांचं कर्ज सहा-सात वर्षांतही संपवता येतं.

मृण्मयी:
'आलाच असता का' यावरून ब्राझील आठवलं. त्यांची बीएनडीईएस ही सरकारी विकास बँक १९५२ ची. पैशाच्या स्रोताचा प्रश्न त्यांनी थेट संविधानात सोडवला: १९८८ च्या संविधानानुसार कामगारांसाठीच्या एका निधीच्या वर्गणीतला किमान ४० टक्के वाटा तेव्हा या बँकेसाठी ठरला. इतका बळकट आधार क्वचितच कुणाला मिळाला असेल. २००८ च्या संकटानंतर खासगी बँकांनी हात आखडता घेतला तेव्हा हिनेच कर्जपुरवठा वाढवला, हे तिचं मोठं श्रेय. पण त्याच काळात बाजारापेक्षा स्वस्त पैशाचा मोठा वाटा बड्या कंपन्यांकडे गेला, ज्यांना तो दुसरीकडेही मिळाला असता. त्यावर भरपूर टीका झाली आणि २०१८ पासून नव्या कर्जांचा दर बाजाराशी जोडला गेला.

पैसा लांब मुदतीचा होता. व्याजही कमी होतं. चुकली ती निवड.

यंत्रघर:
मृण्मयीताई, अशी एखादी जागा आहे का जिथे निवड बरोबर झाली? नाहीतर वाचून हताश व्हायला होतं.

मृण्मयी:
आहे, आणि ती सरकारी नाही. स्पेनच्या बास्क प्रांतातलं मोंद्रागोन. होसे मारिया अरिझमेंदियारिएता या धर्मगुरूच्या प्रेरणेने १९५६ मध्ये तिथे पहिली औद्योगिक सहकारी संस्था निघाली, आणि १९५९ मध्ये त्यांनी स्वतःची बँक काढली, काहा लाबोराल. लोकांच्या ठेवी त्याच खोऱ्यातल्या उद्योगांना मिळू लागल्या. मला महत्त्वाचा वाटतो तो त्या बँकेतला उद्योग विभाग. अभियंते, बाजाराचे जाणकार, हिशेबतज्ज्ञ तिथे नोकरीला होते. नवा गट आला की त्याच्यासोबत बसून कोणतं उत्पादन घ्यावं, ते विकलं जाईल का, याचा अभ्यास व्हायचा, आणि पैसा त्यानंतर. कारखाना अडचणीत आला तर हीच माणसं आत जाऊन व्यवस्थापन सुधारायची.

कोरडवाहू:
मोंद्रागोनबद्दल मलाही आदर आहे. पण त्यांचा घरगुती उपकरणांचा सर्वांत जुना उद्योग, फागोर, २०१३ मध्ये बुडाला हेही नोंदवू या. आणि तो बुडू दिला गेला, याचं मला उलट कौतुक वाटतं. बाकीच्या संस्थांनी काही काळ पैसा घातला, मग थांबल्या, आणि तिथल्या बऱ्याच कामगारांना आपल्याकडे सामावून घेतलं. कारखाना वाचवणं वेगळं आणि माणूस वाचवणं वेगळं. आपल्याकडे पहिलंच करत बसतात. मी विचारत होतो ती थांबायची रेषा ही अशी.

सुकाणू:
कोरडवाहू, याला जोडून एक सुचवतो. कर्ज देणारा आणि वसुलीचा निर्णय घेणारा अधिकारी वेगळा हवा. ज्याने प्रस्तावाची शिफारस केली त्याला ते कर्ज बुडीत म्हणणं जड जातं, हे माणसाच्या स्वभावात आहे. आणि पुनर्रचना एकदाच, तीही प्रवर्तकाने स्वतःचा नवा पैसा घातला तरच.

पूर्वा_:
शेवटचा प्रश्न. तारणाचं काय? माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका उत्तम काम करतात, पण जमीन वडिलांच्या, नाहीतर नवऱ्याच्या नावावर. मुदत कितीही लांब असो, त्यांना दारातच उभं राहावं लागतं.

सुकाणू:
त्यासाठी पत हमी आहे. भारतात केंद्र सरकार आणि सिडबी (लघुउद्योगांसाठीची विकास बँक) यांनी २००० साली सूक्ष्म व लघु उद्योगांसाठी हमी निधी उभारला. ठरावीक मर्यादेपर्यंतच्या कर्जाला तारण मागायचं नाही, कर्ज बुडालं तर नुकसानीचा मोठा भाग निधी भरून देतो. योजना चांगली आहे. तरीही अनेक शाखांत तारण मागितलं जातं हे खरं आहे, आणि बँकेतला माणूस म्हणून मला त्याचं वाईट वाटतं. हमीचा दावा केला तर कागद अपुरे म्हणून तो अडकेल, ही शाखेतल्या अधिकाऱ्याला भीती असते. त्यांना शाखेत जाण्याआधी हमी निधीची पात्रता लेखी विचारायला सांगा. लेखी विचारलं की लेखी उत्तर द्यावं लागतं.

खतावणी:
पूर्वा, यात माझीही थोडी भर. तारण नसलेल्या माणसाचा प्रस्ताव तपासायचा तर जागेवर जावं लागतं. मी शेडवर गेलो की यंत्राकडे नंतर बघायचो. आधी नापास मालाचा ढीग बघायचो, आणि तो का नापास झाला हे मालकाला विचारायचो. ज्याला प्रत्येक तुकड्याचं कारण सांगता यायचं, त्याच्या प्रस्तावाला मी जोर लावायचो. ताळेबंदात हे कुठेच दिसत नाही. म्हणून मूल्यांकन दूरच्या कार्यालयात फक्त गुणांकाच्या तक्त्यावर होऊ लागलं, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

यंत्रघर:
आमच्याकडे आलेल्या त्या अधिकाऱ्यानेही नेमकं हेच विचारलं होतं, 'हे तुकडे बाजूला का ठेवलेत?' तेव्हा मला वाटलं, माल वाया घालवतो म्हणून रागावणार.

सांगायचं राहिलं, ते कर्ज मुदतीच्या चौदा महिने आधी फिटलं. दुसरं सीएनसी यंत्र मी साध्या बँकेच्या कर्जावर घेतलं, पाच वर्षांच्या मुदतीवर, आणि आता ते झेपतं. गेलेल्या तीन ऑपरेटरांपैकी एकजण परत आला आहे. शहरात तो ज्या यंत्रावर काम शिकला, तेच आता आमच्याकडे चालवतो.

कोरडवाहू:
यंत्रघर, अभिनंदन. खतावणी, एक सुचवू? विकास वित्त संस्थेच्या वार्षिक अहवालात वाटप आणि रोजगाराचे आकडे असतात, त्याशेजारी हा एक आकडा छापायला लावा: आपले किती कर्जदार पुढचं कर्ज साध्या बँकेकडून घेऊ शकले.

खतावणी:
हा आकडा मी नोकरीत असताना कधी मागितला नाही, याची आज खंत वाटते. अजून संपर्कात असलेल्या सहकाऱ्यांना विचारतो, जुन्या फायलींतून निदान एका वर्षाच्या कर्जदारांचा तरी माग काढता येतो का. काही हाती लागलं तर याच धाग्यावर लिहीन.